पाठीवर पिशवी, सोबत मैत्रीण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा बोलण्यात काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे. मला जे सांगायचे आहे ते पुस्तकातले नाही. मागच्या हिवाळ्यात मी आणि आपल्या मंडळातली अक्का, अशा दोघीच पाठीवर पिशव्या टाकून हंपीला जाऊन आलो. चार दिवस आम्ही काय पाहिले, कसे राहिलो आणि खर्च किती आला, एवढेच सांगणार आहे. अक्काला सगळी गल्लीच अक्का म्हणते म्हणून मीही म्हणते, एरवी ती माझ्याच वयाची आहे.

जायचे ठरले तेव्हा घरात पहिला प्रश्न सासूबाईंनी विचारला, "तिथे देव कोणता?" मी म्हटले, "देवासाठी नाही जात." "मग नवस आहे का काही?" "नाही." "कुणाचे बाळंतपण?" "नाही." "मग कशाला जायचे?" मी म्हटले, "बघायला." त्यावर त्या गप्प बसल्या. रागावल्या नाहीत, पण हे उत्तर त्यांच्या कुठल्याच खणात बसेना.

यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. आपण बायका गाडीत बसतो ती नेहमी कुणासाठी तरी. माहेरी आईचे दुखणे असते, नणंदेच्या घरी लग्न असते, लेकीचे बाळंतपण असते, नाहीतर नवस फेडायचा असतो. मिरज जंक्शनसारखे स्टेशन आपल्या दारात. इथून पुण्याला गाडी आहे, कोल्हापूरला आहे, बेळगावला आहे, पंढरपूरला आहे. चोवीस वर्षांत मी या सगळ्या गाड्यांत बसले, पण 'मला बघायचे आहे' म्हणून एकाही गाडीत बसले नव्हते. हे म्हणत, "पुढच्या वर्षी रजा काढून मीच नेतो." ते पुढचे वर्ष गेली अठरा वर्षे पुढेच आहे. असो.

हंपीच का, तर त्याचे कारण आपल्या सर्वांच्या पाकिटात आहे. पन्नास रुपयांची निळी नोट २०१७ साली निघाली. तिच्या मागच्या बाजूला एक दगडी रथ आहे. भाजीवालीने ती नोट परत दिली की मी तो रथ बघायची. एकदा अक्काला दाखवला. अक्काचे यजमान जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, आणि त्या दोन वर्षांत ती सांगलीच्या पलीकडे गेली नव्हती. रथ पाहून ती म्हणाली, "चल, बघून येऊ." माझा भिशीचा नंबर त्याच महिन्यात लागला. मग मी मागे हटले नाही.

आता पिशवीचे सांगते. मुलाची कॉलेजची जुनी सॅक मी घेतली, अक्काने भाच्याची आणली. दोन साड्या, एक चादर, टॉवेल, औषधे, बॅटरी, कपडे वाळत घालायला दोरी, एक लहान कुलूप आणि आधार कार्ड. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग. वाण्याच्या काट्यावर वजन केले, एकेक पिशवी पाच किलोच्या आत बसली. आमचा नियम एकच होता. ज्याची पिशवी त्याने उचलायची. एकीने दुसरीची हमाली करायची नाही, म्हणजे सामान आपोआप कमी होते.

कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस मिरजेवरून जाते आणि वाटेत होस्पेटला थांबते. मिरज सोडल्यावर पहिले लहानसे स्टेशन लागते त्याचे नाव विजयनगर. आम्हाला हसू आले. आम्ही निघालो होतो ते दुसऱ्या विजयनगराला, आणि ते होते कितीतरी लांब.

होस्पेटला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. स्टेशनजवळच्या एका लॉजवर खोली विचारली. तिथल्या माणसाने आमच्या पाठीमागे बघितले आणि विचारले, "बरोबर कोण आहे?" मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "मी हिच्याबरोबर आहे, ही माझ्याबरोबर आहे." त्याचे समाधान झाले नाही. आम्ही वाद घातला नाही. स्टेशनवर परत आलो, बायकांच्या खोलीत बसलो, दशमी खाल्ली आणि आळीपाळीने झोप काढली. भीती वाटली का म्हणाल, तर थोडी वाटली. पण शेजारी सोलापूरकडच्या दोन आजीबाई गाठोडी उशाला घेऊन घोरत होत्या. त्यांच्याकडे बघून भीती गेली.

पहाटेच्या बसने हंपीला गेलो. आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून त्यांच्या राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचे तिकीटच माफ केले. आम्ही परक्या म्हणून पैसे मोजले, पण ती बस बायकांनी भरलेली पाहून बरे वाटले. तिकीट हलके झाले की बाई घराबाहेर पडते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

विरूपाक्षाच्या देवळाजवळच्या वस्तीत एका बाईने घरातली खोली दिली. मराठी तिला येत नव्हते. आपल्याला मिरजेत कानावर पडते तेवढे कानडी आम्हाला येत होते. रोज संध्याकाळी परत आलो की ती विचारायची, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झाले का. चार दिवस आमची विचारपूस एवढ्या दोन शब्दांवर चालली आणि काही अडले नाही.

आता हंपीविषयी. हरिहर आणि बुक्क या दोन भावांनी १३३६ साली विजयनगरची स्थापना केली. तुंगभद्रेच्या काठी, मोठमोठ्या धोंड्यांच्या टेकड्यांत हे शहर वाढले. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन रामरायाचा पराभव केला. तो मारला गेला, आणि पुढे शहर लुटले गेले, जाळले गेले. आज मैलोगणती पसरले आहेत ते त्याचे अवशेष. १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत हंपीचे नाव आले.

सगळेच ओसाड आहे असे मात्र नाही. विरूपाक्षाची पूजा आजही चालू आहे. त्या देवळात मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. भिंतीतल्या लहानशा भोकातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर नऊ मजली गोपुराची सावली उलटी पडते, कळस खाली आणि पाया वर. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या माना वाकड्या करून ती पाहत होतो.

मग नोटेवरचा रथ पाहायला विठ्ठल मंदिराकडे गेलो. अलीकडे गाड्या थांबवतात आणि पुढे विजेच्या लहान गाडीने नेतात. आमची गाडी एक बाई चालवत होती. साडीवर खाकी शर्ट, एक हात चाकावर, दुसऱ्या हाताने पदर सारखा करते आहे. अक्का तिच्या शेजारी बसली आणि उतरेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिली.

रथ म्हणजे खरे तर गरुडाचे देऊळ आहे, रथाच्या आकाराचे. पण मला सांगायचे आहे ते आतले. हे विठ्ठलाचे एवढे मोठे मंदिर, आणि गाभारा रिकामा! आपल्याकडे परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. मी सासूबाईंचा प्रश्न आठवून त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभी राहिले. देव नव्हता, तरी हात जोडले गेले. ज्यांनी तो दगड घडवला त्यांना जोडले असे म्हणा.

तिथल्या मंडपाचे खांब वाजवले तर सूर निघतात म्हणतात. आता कुणाला वाजवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, नाहीतर ते टिकणार कसे? अक्काचे यजमान आपल्या सतारमेकर गल्लीत तारा चढवण्याचे काम करत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते पाहायला ते राहिले नाहीत. खांबांपाशी अक्का म्हणाली, "यांना नुसती एक टिचकी मारू दिली असती, तर कोणता सूर ते सांगितले असते." दोन वर्षांत मी तिच्या तोंडून त्यांचे नाव निघाल्याचे ऐकले नव्हते. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत त्यांच्याविषयी बोलत होती, आणि मधेमधे हसतही होती.

दुसऱ्या दिवशी नरसिंहाची मूर्ती पाहिली. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२८ साली, एकाच दगडातून कोरलेली ही मूर्ती बावीस फूट उंच आहे. मांडीवर लक्ष्मी होती, ती फोडली गेली. पण तिचा हात नरसिंहाच्या पाठीवर अजून तसाच आहे. अक्का तिथे बराच वेळ उभी राहिली. मी काही विचारले नाही. सोबत मैत्रीण असावी ती यासाठी. यात्रेच्या बसमध्ये अशा वेळी शिट्टी वाजते आणि "चला, वीस मिनिटे झाली" म्हणतात.

महानवमीच्या चौथऱ्यावर नाचणाऱ्या आणि शिकार करणाऱ्या बायका कोरलेल्या आहेत. परत आल्यावर मी वाचनालयातून विजयनगरवरचे पुस्तक आणले. नुनीझ नावाच्या पोर्तुगीज माणसाने १५३५ च्या सुमारास इथली हकिकत लिहून ठेवली आहे. तो सांगतो की राजवाड्यात कुस्ती खेळणाऱ्या बायका होत्या आणि वाड्याच्या आतल्या खर्चाचे हिशेब बायकाच लिहीत. आपल्या खजिनदारबाईंनी हे जरूर ध्यानात ठेवावे!

आमच्या घरमालकिणीकडे परदेशातल्या दोन मुली उतरल्या होत्या. त्याही मैत्रिणी, पाठीवर आमच्या तिप्पट ओझे. घरमालकिणीची मुलगी कॉलेजात जाते, ती मधे पडून बोलणे समजावून देई. त्या मुली आधी कंबोडिया देश फिरून आल्या होत्या. तिथले अंगकोर वाट हे प्रचंड देऊळ त्यांनी फोनवर दाखवले. सूर्यवर्मन दुसरा या राजाने बाराव्या शतकात ते विष्णूसाठी बांधले, पुढे ते बौद्धांचे झाले. इतक्या लांब विष्णूचे देऊळ आहे हे पाहून आम्ही चकित झालो, आणि आमच्या घरून आम्हाला चार दिवसांची मोकळीक मिळाली याचेच गावभर कौतुक झाले हे ऐकून त्या चकित झाल्या. भडंग मात्र चौघींनी मिळून संपवला.

कुणी म्हणेल, ही परदेशी खुळे आपल्याला कशाला? पण भगिनींनो, खांद्यावर गाठोडे आणि सोबत शेजारीण हे आपल्याला नवे नाही. पंढरीच्या वारीत आपल्या आज्या-पणज्या असेच चालत गेल्या. हिंगण्याच्या आश्रमासाठी झटणाऱ्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीकडे झुकलेले होते. विधवा बाई, इंग्रजी जेमतेम, तरी समुद्रापार गेल्या. त्यांच्यापुढे आमची हंपी म्हणजे परसदार. फरक एवढाच की वारीला देवाचे कारण होते आणि पार्वतीबाईंना संस्थेचे. आम्हाला कारण नव्हते. आणि तेच लोकांना खटकले.

हिशेब सांगते. गाडीभाडे, खोली, जेवण, तिकिटे, रिक्षा आणि तुंगभद्रेतली टोपलीसारखी गोल नाव, सगळे धरून दोघींचे सहा हजार एकशे वीस रुपये झाले. म्हणजे एकीला तीन हजार साठ. एका लग्नाच्या आहेराला आपण यापेक्षा जास्त घालतो. आणि मागे घर काही कोसळले नाही. यांनी चार दिवस आमटी-भात केला, त्यात दोन दिवस मीठ विसरले. सासूबाईंनी तो निमूट खाल्ला आणि मी आल्यावर गोपुराच्या उलट्या सावलीची हकिकत दोनदा सांगायला लावली.

अक्का आता दर गुरुवारी भजनाला येते, हे आपण पाहताच. हंपीला गेल्यामुळेच ती सावरली असे मी म्हणणार नाही. पण चार दिवस तिला कुणी 'बिचारी' म्हटले नाही, आणि मला कुणी 'चहा टाक' म्हटले नाही. एवढे दोघींना पुरले.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. आमच्या दोन्ही सॅक धुऊन, बंद शिवून आज मी बरोबर आणल्या आहेत. त्या मंडळाच्या कपाटात ठेवाव्यात. ज्या कुणा दोघींना जायचे असेल, बदामी असो, विजापूर असो की नुसता पन्हाळा असो, त्यांनी त्या न्याव्यात आणि धुऊन परत आणून ठेवाव्यात. नोंदवहीत नाव, गाव आणि तारीख लिहावी. कारणाचा रकाना मात्र त्या वहीत आखू नये, एवढी माझी विनंती आहे.