बाळंतिणीचा जीव राखणारा फुगा

आज बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाबद्दल बोलू या.

बाळंतपणानंतर थोडं अंगावरून जातंच. पण कितीही गेलं तरी ‘घाण रक्त आहे, जाऊ द्या’ असं कुणी म्हणालं, तर ते ऐकू नका. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहतं. वार पडल्यावर पिशवी आवळते, म्हणून ते थांबतं. पिशवी सैल राहिली तर नळ उघडा राहिल्यासारखं होतं. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी असते ना, तेवढं रक्त गेलं की धोका सुरू झाला. बाई दोन तासांतही दगावू शकते.

दवाखान्यात आधी पिशवी आवळण्याचं इंजेक्शन देतात, पोट चोळतात, वारेचा तुकडा राहिलाय का, कुठे फाटलंय का ते बघतात. तरीही थांबलं नाही, तर फुगा वापरता येतो. रबरी नळीला निरोध घट्ट बांधतात, तो गर्भपिशवीत ठेवतात आणि नळीतून सलाईन भरतात. फुगा आतून दाबतो आणि रक्त थांबतं. हसू नका बायांनो, हाच निरोध इथं जीव वाचवतो! बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी ढाक्यात ही युक्ती काढली. 2003 साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात 23 बायका होत्या. सगळ्यांचं रक्त 15 मिनिटांत थांबलं. फुगा साधारण 24 तासांपर्यंत ठेवतात, मग हळूहळू रिकामा करून काढतात.

पण हे काम शिकलेल्या डॉक्टर-सिस्टरचंच. घरी कुणीही असलं काही करू नये. आणि फुगा लावला म्हणजे सगळं झालं असंही नाही. त्यानं वेळ मिळतो. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तिथं पोहोचेपर्यंत, रक्ताची पिशवी मिळेपर्यंत, ऑपरेशनची तयारी होईपर्यंत बाई तग धरू शकते. म्हणून जिथं फुगा आहे, तिथं बाई वेळेत पोहोचली पाहिजे.

ते आपल्या हातात आहे. बाळंतपण दवाखान्यातच करा. पहिले दोन तास बाळंतिणीजवळ एक जाणती बाई बसू द्या. बाळाला लगेच अंगावर पाजा, त्यानं पिशवी आवळते. लघवी तुंबू देऊ नका.

घरी आल्यावरही लक्ष ठेवा. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय गार पडले, तर मालक घरी येण्याची वाट बघू नका. 108 ला फोन लावा, आशाताईंना कळवा. गाडीला पैसे पडत नाहीत. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीची औषधं आणि रक्तही जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढं करा: गावात कुणाचे दिवस भरत आलेत, त्यांची नावं काढा. रात्री-अपरात्री त्यांच्यासोबत कोण जाणार, रक्त कोण देणार, हे आधीच ठरवून ठेवा.