मंद उजेडासाठी विशालकोनी भिंग आणि त्याचे हूड

आजच्या व्याख्यानाचा विषय आकाराने लहान आहे. ज्याच्या हाती रेंजफाइंडर कॅमेरा आहे आणि दिवेलागणीनंतरही फ्लॅशचा झगझगाट न करता ज्याला माणसांत मिसळून चित्रे घ्यावयाची आहेत, त्याने विशालकोनी जलद भिंग कोणते निवडावे आणि त्याच्यापुढे हूड कोणते बसवावे, एवढाच हा प्रश्न. परंतु असे भिंग महाग असते. बहुतेक छायाचित्रकार ते आयुष्यात एकदाच विकत घेतात. निवड चुकली तर त्या चुकीचा पुरावा पुढे वर्षानुवर्षे चित्रांच्या कोपऱ्यांत उमटत राहतो. तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

या प्रकारच्या छायाचित्रणाचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशातील आहे. सत्यजित राय यांच्या चित्रपटांची निर्मिती पंचवीस वर्षे कॅमेऱ्यात टिपणारे कलकत्त्याचे निमाई घोष (१९३४–२०२०) यांनी सुरुवात केली ती कॅनोनेट क्यूएल १७ या साध्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याने. तो कॅमेरा कोणीतरी टॅक्सीत विसरून गेलेला होता आणि फिरत फिरत त्यांच्या हाती आला होता. नावातील ‘१७’ हा आकडा त्याच्या एफ/१.७ या भिंगाचा. भिंग कॅमेऱ्याला कायमचे जोडलेले असल्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. घोष यांनी चित्रे घेतली ती उपलब्ध प्रकाशात. काम करणाऱ्या माणसांचे लक्ष विचलित होऊ न देणे हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता. भिंग जलद असण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. काळोखात दिवस दाखविणे हे त्याचे काम नव्हे; खोलीत जो उजेड आहे तोच चित्रात राहावा, एवढ्यासाठी ते हवे.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात डोळा भिंगातून पाहत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. ऑस्कर बार्नाक यांनी घडविलेला आणि वेत्झ्लार येथील लाइट्स कंपनीने १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत मांडलेला पहिला लायका कॅमेरा अंतर मोजत नसे. छायाचित्रकाराला ते अंदाजाने ठरवावे लागे. १९३२ च्या लायका २ मध्ये अंतर मोजण्याची यंत्रणा कॅमेऱ्याच्या पोटातच आली आणि भिंगाशी जोडली गेली. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन झरोके असतात. दोहोंतून येणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसल्या की भिंगही त्या अंतरावर नेमके बसलेले असते. या मोजणीची अचूकता दोन झरोक्यांमधील अंतर आणि दृश्यखिडकीचे विवर्धन यांच्या गुणाकारावर अवलंबून राहते. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये हे अंतर ६८.५ मिलिमीटर आणि विवर्धन ०.९१ होते, गुणाकार सुमारे ६२. त्यानंतरच्या एम २ मध्ये विवर्धन ०.७२ वर आणले गेले आणि गुणाकार सुमारे ४९ झाला. अचूकता कमी झाली, पण विशालकोनी भिंगाला लागणारी रुंद चौकट खिडकीत मावू लागली.

हा सौदा तोट्याचा नव्हता, हे थोड्या हिशेबाने दिसते. ३५ मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग एफ/१.४ वर पूर्ण उघडले आणि एक मीटरवरील चेहऱ्यावर रोखले, तर चित्रात तीक्ष्ण दिसणारा थर सुमारे सात सेंटिमीटर जाड असतो. त्याच अंतरावर, त्याच छिद्रावर ५० मिलिमीटरच्या भिंगाला जेमतेम साडेतीन सेंटिमीटर मिळतात. म्हणजे विशालकोनी भिंग फोकसच्या बाबतीत अधिक क्षमाशील असते. एम २ ची यंत्रणा त्याला पुरून उरते. शिवाय मोजणीची अचूकता भिंगावर अवलंबून नसते. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात विशालकोनी भिंग डोळ्याने फोकस करताना मंद प्रकाशात फार चाचपडावे लागते. रेंजफाइंडरमध्ये भिंग कोणतेही असो, दोन प्रतिमा तितक्याच स्पष्टपणे जुळतात.

आरसा नसल्याचा आणखी एक लाभ भिंगाच्या रचनेला होतो. आरशाला हलण्यासाठी जागा सोडावी लागत नसल्यामुळे भिंगाची मागील काच फिल्मच्या अगदी जवळ आणता येते आणि भिंग आटोपशीर राहते. लुडविग बेर्टेले यांचे २१ मिलिमीटरचे बिओगॉन हे १९५० च्या दशकातील भिंग या मोकळिकीचे फळ होते. मात्र तिरपे किरण फिल्मवर मंदच पडतात, हा निसर्गनियम कोणत्याही रचनेला पूर्णपणे चुकविता येत नाही. साध्या हिशेबाने ३५ मिलिमीटरच्या भिंगात चौकटीच्या टोकाच्या कोपऱ्याला मध्याच्या निम्मा प्रकाश मिळतो, २८ च्या भिंगात सुमारे चाळीस टक्के आणि २१ च्या भिंगात चौथ्या हिश्शाहूनही कमी. भिंग पूर्ण उघडले की नळीच्या कडाही थोडा प्रकाश अडवितात, ती घट वेगळीच.

आता केंद्रांतराची निवड. येथे कॅमेऱ्याची खिडकीच बरेचसे ठरवून टाकते. एम ३ मध्ये ५०, ९० आणि १३५ यांच्या चौकटी होत्या. ३५ ची चौकट नव्हती. त्यामुळे लाइट्सला त्या कॅमेऱ्यासाठी पुढे चष्मा लावलेली ३५ मिलिमीटरची भिंगे काढावी लागली. एम २ ने ३५ ची चौकट दिली. २८ ची चौकट १९८० च्या सुमारास एम ४-पी मध्ये आली आणि १९८४ च्या एम ६ मध्ये कायम राहिली. तथापि चष्मा वापरणाऱ्या माणसाला ०.७२ च्या खिडकीतून २८ च्या चौकटीच्या चारही कडा एकदम दिसत नाहीत. डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. २१ किंवा २४ च्या भिंगासाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळी दृश्यखिडकी बसवावी लागते. म्हणजे एका खिडकीतून अंतर जुळवावयाचे आणि दुसरीतून चौकट पाहावयाची. तोवर समोरचा माणूस हसून मोकळा झालेला असतो.

न्यूयॉर्कचे गॅरी विनोग्रँड यांनी २८ मिलिमीटरवर रस्त्यावरील आयुष्याचा मोठा पट उभा केला हे खरे. पण त्यांचे बरेचसे काम दिवसाउजेडी झाले. मंद प्रकाशात, खोलीच्या चार भिंतींत, एकाच भिंगावर भिस्त ठेवावयाची असेल, तर ३५ मिलिमीटर हीच सुज्ञ निवड होय. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ६३ अंशांचा कोन त्यात सामावतो. खोली दिसते आणि चेहराही ताणला जात नाही. २८ ने कडेला उभा असलेला माणूस रुंदावतो आणि त्याबद्दल तो छायाचित्रकाराला सहसा क्षमा करीत नाही.

जलद म्हणजे किती जलद? रात्री घरातील साधारण उजेडात, ४०० वेगाच्या फिल्मवर, एफ/१.४ ला सेकंदाचा साठावा भाग पुरतो. एफ/२ ला तिसावा, एफ/२.८ ला पंधरावा भाग लागतो. साठाव्या भागात बोलणाऱ्या माणसाचे ओठ स्थिर येतात. तिसाव्यात हात स्थिर राहतो, ओठांची खात्री नसते. पंधराव्यात दोहोंचीही नसते. म्हणून एफ/२ आणि एफ/१.४ यांतील फरक कागदावर एका पायरीचा असला तरी प्रत्यक्षात मोलाचा आहे. एफ/१.४ आणि एफ/१.२ यांच्यात मात्र प्रकाशाची वाढ एक-तृतीयांशाहून थोडीच अधिक होते आणि त्यासाठी भिंग भलतेच जड होते. जपानच्या कोसिना कंपनीचे फोग्टलेंडर नावाने निघालेले ३५ मिलिमीटर एफ/१.२ नॉक्टोन पहिल्या आवृत्तीत जवळजवळ अर्धा किलो वजनाचे होते. उत्तम भिंग, पण गळ्यात घालून दिवसभर हिंडणाऱ्याने त्याच्या मोहात पडू नये.

एफ/१.४ च्या पंक्तीतील सर्वांत प्रसिद्ध भिंग म्हणजे लाइट्सचे ३५ मिलिमीटर सुमिलुक्स. ते १९६१ च्या सुमारास आले आणि फारसा बदल न होता तीस वर्षांहून अधिक काळ बनत राहिले. सात काचा, पाच गट, आणि आकार मुठीत मावेल एवढा. पूर्ण उघडले की दिव्याभोवती धुकट वलय येते, कोपऱ्यांतील दिव्यांना पंख फुटतात, एफ/२.८ वर आणले की तेच भिंग शहाण्यासारखे वागू लागते. १९९० च्या दशकातील अगोलीय काचांच्या आवृत्तीने ते वलय जवळपास नाहीसे केले. गंमत अशी की २०२२ साली कंपनीने जुनी रचना पुन्हा बाजारात आणली. धुक्यालाही गिऱ्हाईक असते. ज्याला नाटकातील मंचप्रकाश किंवा मांडवातील उघडे दिवे टिपावयाचे आहेत त्याने नवी रचना घ्यावी. खिडकीशी बसलेल्या माणसाचे चित्र हवे असेल तर जुन्या रचनेत काही उणे नाही. फक्त ती एक मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही.

जलद भिंगाचा एक दोष मात्र दुकानात दिसत नाही. गोलीय विपथन पूर्णपणे न सुधारलेल्या भिंगात छिद्र लहान केले की तीक्ष्णतेची जागा किंचित मागे सरकते. डोळा भिंगातून पाहत नसल्यामुळे रेंजफाइंडरला याचा पत्ताच लागत नाही. एफ/१.४ ला डोळे तीक्ष्ण येतात, एफ/२.८ ला कान. हा दोष १९९४ च्या अगोलीय सुमिलुक्समध्येही काही प्रमाणात होता. २०१० च्या आवृत्तीत मागील काचांचा गट फोकसबरोबर वेगळा हलविण्याची योजना करून तो आटोक्यात आणला गेला. विकत घेण्यापूर्वी टेबलावर तिरपी मोजपट्टी ठेवून १.४, २, २.८ आणि ४ या चारही छिद्रांवर एकेक चित्र घ्यावे.

आता हूड. काचेच्या लेपविरहित पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. सुमिलुक्सच्या पाच गटांना हवेशी संबंध येणारे दहा पृष्ठभाग आहेत. लेप नसता तर एक-तृतीयांश प्रकाश वाटेतच इकडेतिकडे उसळला असता आणि त्यातला काही चित्रावर पांढुरकी झाक होऊन बसला असता. लेपामुळे हे पुष्कळच घटते, पण शून्य होत नाही. चौकटीबाहेरचा दिवा पुढच्या काचेवर पडूच नये, ही व्यवस्था हूडची. दिवा चौकटीतच असेल तर हूड काही करू शकत नाही. तेथे भिंगाची रचनाच कामास येते. हूडने सर्वच उजळ दोष जातात हा समज सोडून द्यावा.

विशालकोनी भिंगाचे हूड उथळ असावे लागते. समजा, पुढची काच ३० मिलिमीटर रुंद आहे आणि हूड १५ मिलिमीटर खोल. ३५ च्या भिंगाचा कोन अडू नये म्हणून हूडचे तोंड कोपऱ्याच्या दिशेने साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर, आडवे पंचेचाळीस आणि उभे चाळीस मिलिमीटर लागते. गोल हूड सगळीकडे साडेअठ्ठेचाळीस ठेवणार, म्हणजे वरून येणारा उजेड गरजेपेक्षा जास्त आत घेणार. आपल्याकडे त्रास देतो तो बहुधा डोक्यावरचा दिवा आणि डोक्यावरचे ऊन. म्हणून आयताकृती हूड अधिक उपयुक्त. अट एकच: फोकस करताना भिंगाचे तोंड फिरता कामा नये. ते फिरत असेल तर आयत तिरपा होईल आणि कोपरे कापील. अशा भिंगाला गोल हूडच घ्यावे.

रेंजफाइंडरच्या हूडला आणखी एक कसोटी लागते. खिडकी भिंगाच्या डावीकडे वर असल्यामुळे भिंगाची नळी दृश्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात घुसते आणि हूड तेथे आणखी जागा खाते. त्यासाठीच कडेला झरोके कापलेली हूड निघाली. त्या झरोक्यांतून पलीकडचे मूल किंवा पायरी दिसते. हूडाशिवाय आणि हूडासह, एक मीटर आणि अनंत अशा दोन्ही अंतरांवर खिडकीतून पाहून मगच पैसे मोजावेत.

हूड कोपरे कापते की नाही, हे फिल्मच्या कॅमेऱ्यात फिल्म न घालताही कळते. मागचे दार उघडावे, शटर ‘बी’ वर उघडे धरावे, भिंग अनंतावर ठेवावे, कारण कोन तेथे सर्वांत रुंद असतो, आणि फिल्मच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपे पाहावे. उजळ छिद्रात हूडची काळी कड शिरलेली दिसली तर हूड चुकीचे. ही तपासणी एफ/१.४ वर आणि एफ/१६ वर दोन्ही वेळा करावी. उघड्या भिंगात कड हळुवार सावली टाकते, मिटलेल्या भिंगात ती एकतर सुटते नाहीतर धारदार कापते. अंकीय कॅमेऱ्यात एकसारखी उजळ भिंत टिपून हेच पाहता येते. २००६ च्या लायका एम ८ चे प्रकाशग्राही क्षेत्र फिल्मपेक्षा लहान होते. त्यावर २८ चे भिंग सुमारे ३७ सारखे पाहते, म्हणून तेथे ३५ चे हूड बसत असेल तर ते अधिक चांगले. २००९ च्या एम ९ पासून पूर्ण चौकट परत आली आणि ही सवलत संपली.

राहता राहिला फिल्टर. फिल्टर लावला की हूड तेवढे पुढे सरकते, म्हणून वरील तपासणी फिल्टरसह करावी. जुन्या सुमिलुक्सच्या दुसऱ्या आवृत्तीला पुढे आटेच नव्हते. सातव्या मालिकेचा फिल्टर हूडच्या कड्यात धरून बसवावा लागे. सेकंडहँड बाजारात ते भिंग हूडाविना मिळाले तर स्वस्त वाटलेल्या खरेदीत हूडची किंमत मिळवून पाहावी. रात्री मात्र फिल्टर काढून ठेवावा. दिव्याचा प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवरून परत आत येतो आणि चित्राच्या विरुद्ध बाजूस त्या दिव्याचे उलटे भूत उभे राहते. धक्क्यापासून आणि बोटांपासून काच सांभाळण्याचे काम तेवढ्या वेळापुरते हूड करील. पावसाळ्यात हूड, फिल्टर आणि भिंग एकमेकांत अडकवून चामड्याच्या पिशवीत बंद करू नयेत; तिघेही वेगळे करून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावेत, नाहीतर बुरशी प्रथम फिल्टर आणि पुढची काच यांच्यामधील फटीत घर करते.