भट्टीतला डोलोमाइट

नव्या गिलाव्यावर वर्ष-दोन वर्षांनी बारीक फोड येतात. नखाने टोकरले की आत पांढरा खडा निघतो. घरधनी गवंड्याला बोल लावतो, गवंडी वाळूला. पण कधी कधी दोष असतो तो चुन्याच्या भट्टीत गेलेल्या दगडाचा.

चुनखडीसारखाच दिसणारा हा दगड म्हणजे डोलोमाइट. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागात तो सापडतो. दोलोम्यू नावाच्या फ्रेंच भूशास्त्रज्ञावरून त्याला हे नाव पडले. शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर दाखवावा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच चुनखडी फसफसते. डोलोमाइट मात्र गार आम्लाला फारशी दाद देत नाही. त्याची पूड करा, मग तोही फसफसू लागतो.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाइटात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियमही असते. दोघांनीही कर्बवायू, म्हणजे आपल्या पुस्तकातला कार्बन डायऑक्साइड, बांधून ठेवलेला असतो. पण मॅग्नेशियमची गाठ सैल. भट्टीत कर्बवायू कोंडलेला असला, तर सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या सुमारास ही गाठ आधी सुटते आणि मॅग्नेशिया तयार होतो. कॅल्शियमचा भाग अजून दगडच असतो. त्याची कळी व्हायला नऊशे अंशांच्या आसपास आच लागते. वायू मोकळेपणी निघून जात असेल, तर हे दोन टप्पे एकमेकांत मिसळून जातात. शेवटी शंभर किलो शुद्ध डोलोमाइटाचे उरतात जेमतेम ५२ किलो. बाकीचा सगळा वायू. (हा वायू हवेपेक्षा जड. थंडीत ऊब मिळते म्हणून भट्टीशेजारच्या खोलगट जागेत कुणी झोपू नये, जिवावर बेतते.)

आता घोटाळा कुठे होतो पाहा. भट्टीवाला चुन्याची कळी होण्याची वाट पाहत आच वाढवतो. तोवर आधीच सुटा झालेला मॅग्नेशिया भाजतच राहतो. त्याचे कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात, तो करपतो. पाणी ओतले की चुना सळसळून विरतो. हा मात्र ढिम्म. मग भिंतीत बसल्यावर महिनोन् महिने ओल पीत राहतो, फुगून दुपटीहून मोठा होतो आणि गिलावा उचलतो.

म्हणून अशा दगडाला आच बेताची आणि सगळीकडे सारखी हवी. विरवलेला चुना हौदात पाण्याखाली जितका अधिक दिवस राहील तितके बरे. फार करपलेल्याला मात्र तेवढ्यानेही जाग येत नाही.

पण हाच करपलेला दगड पोलादवाल्यांना मात्र हवासा वाटतो! १८७०च्या दशकाच्या अखेरीस टॉमस आणि गिलख्रिस्ट या इंग्रज आते-मामेभावांनी पोलादाच्या भट्टीला भाजलेल्या डोलोमाइटाचे अस्तर दिले, आणि लोखंडातला फॉस्फरस काढून टाकण्याची वाट मोकळी झाली. तिथे तो मुद्दामच प्रखर आचेवर भाजतात. तरीही त्यातला चुना हवेतली ओल धरतोच. म्हणून विटा करताना त्यात डांबर मिसळण्याची रीत पडली.