जत्रेला जाताना

मंडळी, धानाची चुरणी झाली. तणसाचे ढीग रचून झाले. आता थोडी उसंत मिळेल. शहरातल्या नोकरदाराला रविवारची सुटी असते. आपल्या गोंदियाकडच्या शेतकऱ्याची सुटी म्हणजे जत्रा. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची जत्रा भरते. छत्तीसगड, मध्य प्रदेशातूनही गोंड बांधव येतात. दरेकसा स्टेशनावर उतरतात, धनेगावकडे जातात आणि डोंगर चढून गुहेपाशी पोचतात.

जावे, जरूर जावे. आम्हीही जातो. पण जत्रेत माणूस कसा वागतो, तेही पाहतो. रात्रभर जागरण, दिवसभर भजी, आणि पाणी मात्र घोटभर. धडधाकट माणूस यातून दोन दिवसांत सावरतो. सगळ्यांचे तसे नसते.

आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे. तो करणीने होत नाही. शिवाशिवीने लागत नाही. आई आणि बाप, दोघांकडून रक्तात उतरतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात. अंगात पाणी कमी पडले, थंडी बाधली, फार दमणूक झाली, की जास्तच वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. पाटात कचरा अडकला की बांधीला पाणी पोचत नाही ना? तसेच हे. रक्त पोचत नाही. मग हाडे, सांधे, छाती असह्य दुखू लागते.

आता जत्रा पाहा. रात्री गारठा, दुपारी ऊन, वर उभी चढण!

मग घरातल्या अशा पोराला मागे ठेवायचे काय? मुळीच नाही. त्याच्यासोबत पाण्याची बाटली द्या. तहान लागायच्या आधीच त्याने प्यावे. रात्री अंगावर घोंगडी हवी. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या शिदोरीतच बांधा. ऊन चढायच्या आत निघावे, थांबत थांबत चढावे. बरोबरची पोरे त्याला चिडवतात, "एवढ्यात दमला!" हे चिडवणे आम्हाला फार खुपते. लाजेपायी तो धावत चढतो आणि रात्री कण्हत पडतो.

मोहाची दारू तर त्याला नकोच. दारूने लघवी जास्त होते, अंगातले पाणी जाते.

ताप आला, छातीत दुखले, धाप लागली, तर मालिश करीत बसू नका. तडक डॉक्टरकडे न्या. दवाखाना कुठे आहे, हे जत्रेत पोचताच विचारून ठेवावे.

कुणाला हा आजार आहे, हे रक्त तपासल्यावरच कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. लग्न ठरवण्याआधी मुलामुलीचे रक्त तपासलेले फार बरे.

आणखी एक. सालेकशाच्या जंगलात डास आहेत, हिवतापही आहे. मुक्कामाला मच्छरदाणी न्या. घरी परतल्यावर महिनाभरात हुडहुडी भरून ताप आला, तर आशाताईंना सांगून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.