उष्णता जाते कोठे?



या व्यासपीठावर प्राध्यापक, वकील, डॉक्टर अशी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. माझे शाळेतील शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही आले ते वाचनालयातून, कारखान्याच्या फाटकावरून आणि कामगार न्यायालयाच्या बाकावरून आले. चालकांना वाटले होते, मी किमान वेतनावर बोलेन. मी म्हटले, संगणक थंड ठेवण्याच्या एका घरगुती यंत्राविषयी बोलतो. ते जरा चपापले. पण नको म्हणाले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार.

मी मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत फायरमन होते. इंजिनात कोळसा मारताना त्यांची एक नजर विस्तवावर असे आणि दुसरी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर. उष्णता आणि पाणी यांचे नाते मी पुस्तकात वाचण्याआधी त्यांच्या तोंडून ऐकले. म्हणून इथे शिरूरमध्ये दोन तरुणांनी मला "काका, आमचे यंत्र बघायला या" म्हटले, तेव्हा मी उत्सुकतेने गेलो.

त्या दोघांतील एक गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरील बल्क कूलर दुरुस्त करतो. दूध चार अंशांपर्यंत उतरवणारी ती टाकी आपल्या शिरूर-दौंड भागात सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरा संगणकावर चलच्चित्रे बनवतो. त्याच्या संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे आहेत. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय? साधा संगणक एखाद्या निष्णात कारागिरासारखा एकामागून एक कामे उरकतो. कार्डात मात्र हजारो छोटे गणक एकदम कामाला लागतात. चित्रे रंगवणे, खेळ चालवणे आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवणे, हे सारे त्यांच्यावर चालते.

असे एक मोठे कार्ड ४५० वॅट वीज खाते. त्यातील बहुतेक वीज पोस्टाच्या तिकिटाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात जिरते आणि जिरलेली सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. आपली इस्त्री हजार वॅटची असते, पण तिचा तळ केवढा असतो ते पाहा! तुकडा ८०-९० अंशांच्या घरात गेला की कार्ड आपण होऊन वेग कमी करते. मी त्या पोरांना म्हटले, "हा तर गो-स्लो! तोही नोटीस न देता!" आणि गंमत अशी की या गो-स्लोवर मालक रागावत नाही. तो धावपळ करून गारव्याची सोय करतो.

आता त्यांचे यंत्र. त्यांनी भंगारातून एक टनाचा खिडकीचा एसी आणला. येथे टन म्हणजे वजन नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषील तो हा वेग, म्हणजे सुमारे ३५०० वॅट. दोन कार्डांच्या ९०० वॅटना तो पुरून उरतो. एसीची तांब्याची नळी कापली की आतला वायू जातो. तो वातावरणाला घातक आणि काही प्रकारांत ज्वालाग्राहीही असतो. म्हणून त्यांनी नळी न कापता, थंड होणारे जाळे हलक्या हाताने वाकवून थर्माकोल लावलेल्या पाण्याच्या टाकीत बुडवले. जाळ्याच्या पात्या ॲल्युमिनियमच्या आणि नळ्या तांब्याच्या. हे दोन धातू साध्या पाण्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम झिजते. म्हणून मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते द्रव पाण्यात मिसळले. छोटा पंप ते पाणी कार्डांवर बसवलेल्या तांब्याच्या पोकळ ठोकळ्यांतून फिरवून परत टाकीत आणतो. मिनिटाला चार लिटर पाणी फिरले तर ९०० वॅट घेऊनही ते जेमतेम सव्वातीन अंशांनी तापते. पाण्याएवढा उष्णतेचा प्रामाणिक हमाल दुसरा नाही. पाणी आणि वीज एका खोलीत आल्यामुळे अर्थिंग केले आणि गळतीच्या वेळी वीज तोडणारा स्विचही बसवला.

यंत्र चालले, आणि मग तीन गोष्टी घडल्या. आजचे व्याख्यान या तीन गोष्टींचेच आहे.

पहिली गोष्ट उन्हाळ्यातली. एसीची गरम बाजू खोलीच्या मागे, म्हणजे स्वयंपाकघराकडे निघाली होती. कार्डांची उष्णता आणि वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता, अशी दोन्ही मिळून चुलीपाशी येऊ लागली. त्या मुलाची आई म्हणाली, "पेटीला गारवा आणि मला झळ?" त्या बाईंनी उष्णतेचे शास्त्र एका वाक्यात सांगितले. थंडी नावाची वस्तू कोणी तयार करीत नाही. उष्णता फक्त इथून उचलून तिथे टाकता येते, आणि टाकण्याचा खर्चही त्याच ढिगात पडतो.

दुसरी गोष्ट जुलैमधली. पोरांनी हौसेने पाणी बारा अंशांवर ठेवले होते. उन्हाळ्यात ते चालून गेले. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी हवेत २० टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू तेरा अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड वस्तूवरच दव धरते. पण पावसाळ्यात हवा २७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के झाली की दवबिंदू २३ अंशांच्या वर जातो. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा नळ्यांना घाम फुटला, थेंब कार्डावर पडला आणि लाखाच्या वरचे कार्ड गेले. त्या दिवसापासून भिंतीवर आर्द्रतामापक आला. पाणी दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर ठेवायचे, असा नियम झाला.

तिसरी गोष्ट या नियमातून निघाली. पाणी पंचवीस-तीस अंशांवर ठेवले तरी कार्ड सुखाने चालते, असे दिसले. मग एवढ्यासाठी कॉम्प्रेसर कशाला? आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ काय करतो? त्याच ४० अंशांच्या दुपारी ओले फडके गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा त्यांनी गच्चीवर मोटारीचा जुना रेडिएटर ठेवला, त्याच्यापुढे कूलरच्या ओल्या जाळ्या आणि पंखा लावला, आणि पाणी बंद नळ्यांतूनच फिरवले, कारण आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार कार्डाच्या ठोकळ्यात साचले असते. पावसाळ्यात नुसता रेडिएटर पुरला. एसी सुटा करून आईच्या खोलीत बसला.

मात्र माठही फुकट काम करीत नाही. ९०० वॅट उष्णता वाफेवाटे घालवायची तर ताशी एक लिटर आणि तिसरा हिस्सा पाणी उडते. यंत्र दिवसरात्र चालले तर बत्तीस लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी धरलेले दिवसाचे पाणी ५५ लिटर आहे. म्हणजे दोन कार्डे अर्ध्या माणसाहून अधिक पाणी पितात. टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या गावांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. अशी हजारो कार्डे जेथे बसतील, तेथे उष्णता कोणाच्या अंगणात टाकणार आणि पाणी कोणाच्या विहिरीचे घेणार, हे पाया खणण्याआधी विचारले पाहिजे.

मी यंत्राचा वैरी नाही. पुण्यात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला याचा मला अभिमान आहे. पुण्याच्याच आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्मला पाणी थेट गणकापर्यंत नेऊन थंड करतात. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसाठी २०२४ साली परम रुद्र आला. शिरूरच्या पोरांनी भंगारातून केले ते त्याच शास्त्राचे धाकटे भावंड आहे.

परंतु इतिहास पाहा. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन योजना आखली, ती माणसांसाठी नव्हे. दमट हवेने कागद फुगे आणि रंगावर रंग बसत नसे, म्हणून ती आखली. आमच्या मुंबईच्या गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून मागखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. तिथे उभ्या माणसाचा घाम वाळत नसे, आणि घाम वाळला नाही तर शरीराचा माठ बंद पडतो. कागदाला काय सोसते, सुताला काय सोसते हे मोजले गेले. माणसाचे मोजमाप फार उशिरा आले.

१९४८ च्या कारखाने कायद्यात एक कलम होते: अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून दिले पाहिजे. पुढे त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली. जुन्या कायद्याच्या काळात एका ओतशाळेत, नाव सांगत नाही, आम्ही हे कलम घेऊन गेलो. उत्तर आले, "हजेरीपटावर २४० माणसे आहेत." भट्टीपुढे उभे असलेले नव्वद कंत्राटी कामगार मोजलेच नव्हते! त्याच आवारात यंत्रांच्या नियंत्रणाची खोली मात्र बाराही महिने गार. आमची माणसे किती वाजले ते विचारण्याच्या निमित्ताने तिच्या दारात उभी राहत. आम्ही वर्गणीतून सहा रांजण आणले, भोवती ओली पोती गुंडाळली आणि निरीक्षकाकडे अर्जही दिला. रांजण त्याच दिवशी गार झाले. यंत्राचे गार पाणी यायला दोन उन्हाळे लागले.

आज आपल्या शेजारच्या रांजणगावात एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे फ्रिज बनतात. ज्या गावाच्या नावात रांजण आहे तिथून घरोघर गारवा जातो, ही मला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

शेवटी एक लहान काम सांगतो आणि आपली रजा घेतो. त्या पोरांनी कार्डासाठी आर्द्रतामापक लावला. तुम्हीही आपल्या खात्यात, गोदामात, शाळेच्या पत्र्याच्या वर्गात दोन साधे तापमापक लावा, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्याचा. दुपारी बारा, दोन आणि चार वाजता आकडे वहीत लिहा. ओला तापमापक पस्तिशीला पोचला तर सावलीत बसलेल्या धडधाकट माणसाचाही घाम त्याला वाचवू शकत नाही, आणि राबणाऱ्याचा धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. महिनाभराची वही घेऊन माझ्याकडे या. अर्ज आपण मिळून लिहू. मागणीपेक्षा मोजमापाला उत्तर देणे मालकाला अधिक अवघड जाते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.