गोंदलेले हात



आम्हां माजी सैनिकांचा आपण सत्कार केलात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पलटणीत जाण्यापूर्वी आम्हां दोघां मित्रांनी जत्रेतील गोंदणारणीकडून मनगटावर आपापली नावे गोंदवून घेतली होती. पुढे आम्ही दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या, म्हणजे 'जंगी' पलटणीत दाखल झालो.

१९७१ च्या डिसेंबरात आमच्या ब्रिगेडने पूर्व बंगालमधील जमालपुरास वेढा दिला. शरण येण्याविषयी धाडलेल्या पत्राचे उत्तर शत्रूने बंदुकीच्या गोळीसह पाठविले. १० डिसेंबरच्या रात्री त्याने वेढा फोडण्याचा निकराचा यत्न केला, तो आमच्या पलटणीने हाणून पाडला. ११ रोजी जमालपूर पडले. त्याच सकाळी मित्राचा देह आम्ही ओळखला, तो मनगटावरील नावावरून.

गावी परतल्यावर त्याच्या मातोश्रींनी आमचाच हात हाती घेऊन गोंदणावरून बोटे फिरविली. बोलल्या काहीच नाहीत.

सेवेचा आम्हांस अभिमान आहेच. परंतु शालश्रीफळ जिवंतांच्याच वाट्यास येते. न परतलेल्यांची नावे मंडळाने आपल्या दप्तरी नोंदवावीत, एवढीच आमची विनंती. गोंदण देहाबरोबर जाते. कागदावरील नाव नातवंडे वाचतील.

जय हिंद!