गोधडीतलं गाव

आज मी हप्ता, बँकेचा फॉर्म, व्याजाचा दर यातलं काही बोलणार नाही. आज पुस्तकांबद्दल बोलणार आहे. पुस्तक म्हटल्यावर लगेच रेडिओ बंद करू नका, कारण ही पुस्तकं आपल्यासारख्याच बायकांची आहेत आणि त्यातल्या बऱ्याचजणी फार शाळा शिकलेल्या नव्हत्या.

आधी माझी एक चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर एक गाठोडं सापडलं. सासूबाईंची दोन-तीन जुनी लुगडी, एक विरलेलं धोतर, पोरांची झबली. दुपारी दारात बोहारीण आली. मी गाठोडं दिलं आणि स्टीलचं पातेलं घेतलं. वर घासाघीस करून एक वाटीही मिळवली, त्याचा मला केवढा आनंद! सासूबाई संध्याकाळी रानातून आल्या, रिकामा माळा बघितला, काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "त्यातलं हिरवं लुगडं माझ्या आईचं होतं. गाव सोडताना तेच नेसली होती."

त्यांचं माहेर उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं. नातवासाठी वाकळ शिवायची म्हणून त्यांनी ते लुगडं जपलं होतं. मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. पातेलं अजून घरात आहे. त्यात दूध तापवताना अजून मान खाली जाते.

त्यानंतर एका प्रशिक्षणाला गेले असताना तिथल्या ग्रंथालयात चित्रांचं एक जाडजूड पुस्तक हाती आलं. पान उघडलं तर गोधड्या! मला वाटलं, आपल्याच कुठल्या तरी तालुक्यातल्या असतील. पण त्या होत्या अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या, अलाबामा नावाच्या राज्यातल्या. गावाचं नाव जीज बेंड. अलाबामा नदी तिथं मोठं वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात हे गाव आहे. तीन बाजूंना पाणी, बाहेर पडायला एकच वाट. माझं इंग्रजी बीएपुरतं, मोबाईलमधला शब्दकोश बाजूला ठेवून वाचत गेले. मग त्या भागावरची आणखी दोन पुस्तकं मिळवली.

ही माणसं काळी. त्यांचे पूर्वज तिथं गुलाम म्हणून कापसाच्या शेतात राबत. 1845 च्या सुमारास पेटवे नावाच्या मालकाने ती जमीन घेतली आणि आपल्या गुलामांना दूरच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातून पायी चालवत आणलं. आजही गावात कित्येकांचं आडनाव पेटवेच आहे. मालकाचं नाव माणसांना चिकटलं ते सुटलं नाही. 1865 मध्ये गुलामी संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. हे लोक वाट्याने शेती करू लागले. बी-बियाणं, मीठ, पीठ सगळं दुकानदाराकडून उधारीवर. कापूस विकला की हिशेब. हिशेब कुणाच्या वहीत, ते तुम्हाला सांगायला नको.

1932 मध्ये उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या घरच्यांनी वसुली काढली. साठेक कुटुंबांच्या घरातून जनावरं, कोंबड्या, नांगर, साठवलेला मका, सगळं गाड्यांवर लादून नेलं. सावकाराने भांडीकुंडी उचलून नेल्याच्या गोष्टी आपल्या आज्या सांगायच्या, तीच ही गोष्ट. तो हिवाळा लोकांनी कसा काढला असेल! पुढे सरकारने तिथली जमीन विकत घेतली, घरं बांधून दिली आणि कर्जावर लोकांना जमिनी दिल्या. त्यामुळे हे लोक आपल्या जमिनीचे मालक झाले. हे पुढे फार कामाला आलं.

आता गोधड्यांकडे येते. लाकडी फळ्यांची घरं, फटींतून वारा आत येणार. म्हणून गोधड्या लागायच्या, एकावर एक. नवं कापड कुठून आणणार? नवऱ्याची शेतातली पँट गुडघ्यावर फाटली की मागची बाजू कापून घ्यायची. पिठाच्या पिशव्या घ्यायच्या. कापसाच्या गिरणीत जमिनीवर सांडलेला कापूस झाडून आणायचा, काठीने झोडपून मोकळा करायचा आणि आत भरायचा. आपली वाकळ जुन्या कापडाचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवतात. त्यांच्यात मधे कापूस, एवढाच फरक. पुस्तकातले फोटो बघताना मी टाके मोजत बसले होते. तिरके गेलेले टाकेही तसेच, आपल्यासारखेच.

मिझुरी पेटवे नावाच्या बाईची गोधडी त्यात आहे. तिचा नवरा वारला. तिने त्याचे कामावर घालायचे कपडे जमवले, त्यांचे तुकडे केले आणि गोधडी शिवली, म्हणजे त्याची आठवण पांघरून झोपता येईल. ही गोष्ट तिची मुलगी आर्लोन्झिया हिने सांगितली म्हणून आज आपल्याला माहीत आहे. मुलीने सांगितलं नसतं तर ती गोधडी म्हणजे मळकट निळ्या-करड्या चिंध्या, एवढंच. गावात जुन्या गोधड्यांना काही किंमत नव्हती. धुराने डास जावेत म्हणून बायका त्या जाळतसुद्धा. हे वाचलं आणि मला आमची बोहारीण आठवली.

दुसरं पुस्तक नॅन्सी कॅलाहान यांचं, 1987 मध्ये आलेलं. ते आपल्या गटांनी मुद्दाम ऐकण्यासारखं आहे. साठीच्या दशकात तिथल्या काळ्या लोकांनी मतदार यादीत नाव नोंदवायला सुरुवात केली. त्यासाठी नदीपलीकडच्या कॅमडेन गावी जावं लागे. 1962 मध्ये पलीकडे जायची नाव बंद करण्यात आली. समोर दिसणाऱ्या गावाला जायला रस्त्याने तासभराचा वळसा. ती नाव पुन्हा सुरू व्हायला 2006 उजाडलं! मत द्यायला निघालेल्यांपैकी कित्येकांना मालकांनी घरांतून बाहेर काढलं. जीज बेंडच्या लोकांकडे स्वतःची जमीन होती, म्हणून त्यांना हुसकावणं तितकं सोपं नव्हतं. याच सुमाराला नदीवर धरण झालं आणि त्यांची चांगली जमीन पाण्याखाली गेली.

अशा दिवसांत, 1966 मध्ये, त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची गोधडीवाल्यांची सहकारी संस्था काढली. सुरुवातीला एका पाद्र्याने एकेका गोधडीला दहा डॉलर देऊन त्या गोळा केल्या आणि न्यूयॉर्कला लिलाव केला. नंतर बायकांनी मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी घेतल्या. सीअर्स या मोठ्या दुकानासाठी कॉर्ड्रॉयचे उशांचे अभ्रे शिवले. जमीन विकत घेऊन शिवणकेंद्र बांधलं, घर गमावलेल्या काही कुटुंबांना त्यातले प्लॉट दिले, लहान मुलांसाठी पाळणाघर काढलं. सगळं गोड नव्हतं. ऑर्डरीचं काम म्हणजे सगळे अभ्रे एकसारखे, मापात. मनासारखे रंग लावायची सवय असलेल्या हातांना ते जड गेलं. संस्था 2012 मध्ये बंद झाली. पण सेहेचाळीस वर्षं गट टिकवणं काय असतं, हे आपल्याला कळतं. आपल्याकडे तीन वर्षांत सचिव आणि अध्यक्षा बोलेनाशा होतात.

तिसरं पुस्तक शेतकऱ्याचं. त्याच अलाबामातले नेड कॉब. लिहिता-वाचता येत नसे. वाटेकऱ्यांच्या संघटनेत होते. शेजाऱ्याची जनावरं जप्त करायला आलेल्यांच्या आडवे उभे राहिले म्हणून बारा वर्षं तुरुंगात गेले. ऐंशी ओलांडल्यावर थिओडोर रोझेनगार्टन हा तरुण टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे गेला. त्यांनी कितीतरी तास आपलं आयुष्य सांगितलं. कोणतं खेचर किती किमतीला घेतलं, इथपासून सगळं तोंडपाठ. 1974 मध्ये पुस्तक आलं आणि त्याला तिथला मोठा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॉब मात्र आदल्या वर्षी वारले होते.

इथं एक गोष्ट सावध होऊन ऐका. 2002 पासून जीज बेंडच्या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या, टपाल तिकिटांवर आल्या. किमती वाढल्या, मग पैसा कुणाचा, नक्षी कुणाची, नाव कुणाचं यावरून वाद झाले. 2007 मध्ये काही बायकांनी कोर्टात दावे लावले, ते पुढे मिटले. म्हणून सांगते, कुणी तुमच्या गावात फोटो काढायला, गाणी रेकॉर्ड करायला आलं तर चहा जरूर द्या. पण हे कुठं छापणार, कुणाच्या नावाने, आम्हाला एक प्रत मिळणार का, हे तीन प्रश्न आधी विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कर्जाच्या कागदावर सही करताना विचारतोच ना आपण.

आमच्या गटाने गेल्या पावसाळ्यापासून एक काम सुरू केलंय. मासिक बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास एकीने आपल्या घरातली जुनी वाकळ आणायची आणि तिच्यातला एकेक तुकडा दाखवत सांगायचं. हा कुणाचा, कुठल्या सालातला, तेव्हा काय चाललं होतं. साल आठवत नसेल तर धाकट्याच्या जन्माआधी की नंतर, दुष्काळाआधी की नंतर, असं विचारायचं. एक मुलगी मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि दुसरी वहीत लिहिते, कारण मोबाईल पाण्यात पडतात. जिची वाकळ, तिला वाचून दाखवल्याशिवाय आणि तिने हो म्हटल्याशिवाय ते कुणाला द्यायचं नाही. आतापर्यंत नऊ वाकळी झाल्या. एका तुकड्यावरून बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामं निघाली. दुसरीवरून एका बाईचं पहिलं लग्न निघालं, ते तिने लिहू दिलं नाही. बरोबरच केलं.

सासूबाईंकडे दाखवायला वाकळ नव्हती, ती मीच घालवली होती. तरी त्यांना बसवलं. त्यांनी हातानेच जमिनीवर रेघा ओढल्या. इथं आमचं घर, इथं चिंच, इथून नदीवर जायची वाट. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की पळसदेवाचं जुनं देऊळ वर येतं, ते तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल. त्यांच्या घराचं जोतंही एका उन्हाळ्यात दिसलं होतं म्हणाल्या, पण तेव्हा न्यायला कुणी नव्हतं. त्यांनी सोळा घरांची नावं सांगितली. सतराव्या घराशी अडल्या. ते नाव त्यांच्या धाकट्या बहिणीला माहीत असेल, ती इंदापूरला असते.

येत्या रविवारी आम्ही दोघी एसटीने इंदापूरला जाणार आहोत. वही घेतली आहे. पुढच्या महिन्यात याच वेळेला भेटू. तोवर तुमच्या घरातलं एखादं गाठोडं सोडून बघा, पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा. नमस्कार.